मानवशास्त्र : साम्राज्याचं अपत्य की नुसतं आश्रित?

माळरान

जातनिहाय जनगणनेच्या धाग्यावर रिस्लेचं नाव निघालं आणि विषय भलतीकडेच गेला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथल्या मारामाऱ्या कृपया तिथेच ठेवा.

तर हर्बर्ट होप रिस्ले. १८७३ मध्ये आयसीएस होऊन बंगालमध्ये आला आणि पुढे नाकं मोजण्यासाठी प्रसिद्ध झाला. पद्धत अगदी साधी. कॅलिपरने नाकाची रुंदी घ्यायची, उंची घ्यायची, भागाकार करून शंभराने गुणायचं. उत्तर ७० च्या खाली आलं तर नाक बारीक, ८५ च्या वर गेलं तर बसकं, मधलं ते मध्यम. हे तंत्र त्याने फ्रेंच मानवशास्त्रज्ञ तोपिनारकडून घेतलं, इथल्या माणसांवर चालवलं आणि जाहीर करून टाकलं की जातीचा सामाजिक दर्जा जितका वरचा तितकं तिचं सरासरी नाक अरुंद. म्हणजे जात म्हणजे मुळात वंश. मग हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जाती नुसत्या मोजायच्या नाहीत तर मानाच्या क्रमाने लावायच्या असा हुकूम निघाला. आणि १९०४ मध्ये गृहखात्याचा सचिव म्हणून बंगालच्या फाळणीवर टिपणं लिहिणाराही तोच, एकसंध बंगाल ही ताकद आहे आणि तोडला की तुकडे वेगवेगळ्या दिशांना ओढ घेतील, असं स्पष्ट लिहिलंय त्याने. शेवटी लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा अध्यक्षही झाला. आता यातला शास्त्रज्ञ कुठे संपतो आणि साहेब कुठे सुरू होतो ते दाखवा मला.

बरं, हा एकटा नमुना नाही. टायलरला ऑक्सफर्डने १८८४ मध्ये मानवशास्त्राचा रीडर नेमलं, पण त्या पिढीतल्या बहुतेक विद्वानांनी ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले ते लोक कधी पाहिलेच नव्हते. माहिती यायची कलेक्टर, मिशनरी, लष्करी डॉक्टर यांच्याकडून. १८७४ मध्ये तर त्यासाठी छापील प्रश्नावलीच काढली, वसाहतींत राहणाऱ्यांनी आणि प्रवाशांनी काय काय विचारून आणायचं त्याची. लग्न कसं लावता, मेलेल्याचं काय करता, भुतं मानता का. विचारणारा कोण, तर ज्याच्या हातात सारा आणि तुरुंग दोन्ही आहेत तो.

कॅथलीन गॉफ या बाईंनी (स्वतः मानवशास्त्रज्ञ, केरळ-तामिळनाडूत काम केलेल्या) १९६८ मध्ये आपल्या विषयाला सरळ साम्राज्यवादाचं अपत्य म्हटलं आणि बरीच बोंबाबोंब झाली. माझं मत सांगून टाकतो. अमका मानवशास्त्रज्ञ मनाने चांगला होता की वाईट, यावर भांडण्यात काही हशील नाही. बघायचं ते एवढंच, की प्रश्न विचारायची सोय कोणी करून दिली आणि समोरच्याला "नाही सांगत जा" म्हणायची मुभा होती का. तुम्हाला काय वाटतं?

---

उंटावरचा_शहाणा

धागा चांगला आहे पण आरोपी आधीच ठरवून खटला चालवताय असं वाटतं.

साम्राज्याच्या पैशावर काय काय वाढलं नाही? भारताचा नकाशा त्रिकोणमितीने मोजला तो कशासाठी, फौजा आणि महसुलासाठीच ना. वनस्पतिशास्त्र निळीसाठी, सिंकोनासाठी, चहासाठी. भूगर्भशास्त्र कोळशासाठी. म्हणून त्या शास्त्रांना कोणी अपत्य-बिपत्य म्हणत नाही. मानवशास्त्रालाच का झोडायचं? आणि दुसरं म्हणजे, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचे जे खंड काढले किंवा एन्थोव्हेनने मुंबई इलाख्याचे, त्यात कितीतरी कुळकथा, देवकं, लग्नातल्या रीती आहेत ज्या कुणी लिहून ठेवल्या नसत्या तर आज नावालाही उरल्या नसत्या. आपले लोक तेव्हा काय करत होते? आपल्याच शेजारच्या वाडीत काय चालतं ते लिहून ठेवायची गरज आपल्यातल्या शिकलेल्या कुणाला वाटली होती का, हे पण विचारा की.

---

कुंदा

@उंटावरचा_शहाणा, शेवटचा प्रश्न बोचरा आहे आणि बरोबरही. पण सिंकोनाच्या झाडाची उपमा पटली नाही. झाडाला तुम्ही कुठल्या जातीत टाकलं हे झाड वाचत नाही आणि अर्जही करत नाही. माणसं करतात.

१९०१ मध्ये क्रम लावला म्हटल्यावर जातीजातींच्या सभा उभ्या राहिल्या, वंशावळी छापल्या गेल्या, आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा असे अर्ज सुरू झाले. १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालमधल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं. दीड मण कागद! ज्या उतरंडीची साहेब म्हणे फक्त "नोंद" घेत होता ती त्या नोंदीमुळे आणखी पक्की झाली. जात इंग्रजांनी बनवली असं मी अजिबात म्हणत नाही, ते एक फॅशनेबल टोक झालं आणि ज्यांच्या वाट्याला ती जात आली त्यांच्यासमोर असलं बोलायची कुणाची छाती होणार नाही. पण गावोगावी वेगवेगळी, वादात असलेली, जिथे थोडी ढकलाढकल शक्य होती ती गोष्ट सरकारी रकान्यात बसवली की तिला वेगळाच कडकपणा येतो.

आणि सगळ्यात वाईट उदाहरण तर तुम्ही दोघांनीही घेतलं नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा तर्क बघा, इथे विणकराचा मुलगा विणकर होतो आणि सुताराचा सुतार, तेव्हा चोराच्या जातीत चोरच जन्माला येणार. बस्स, एवढ्यावर अख्ख्या जमातीच्या जमाती रजिस्टरमध्ये. पोलिसात हजेरी, गाव सोडायचं तर पास. पुढे १९११ च्या कायद्याने हे सगळ्या देशभर लागू करता आलं, मुंबई इलाख्यातसुद्धा, तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंट उभ्या राहिल्या, सोलापूरची सगळ्यांना माहीत असेल. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या गुन्हेगार वर्गांवर पोलीसखात्यातल्या अधिकाऱ्यानेच पुस्तक लिहिलंय, त्याची मांडणी कशी, तर दिसतात कशा, राहतात कुठे, बोलीभाषा कुठली, देव कुठले, आणि मग त्याच ओघात चोरी कशी करतात. जमातीवरच्या अभ्यासग्रंथाचा साचा आणि पोलीस मॅन्युअलचा साचा एकच. ही माणसं कायद्याने सुटली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आणि शिक्का अजून गेलेला नाही हे कुठल्याही विमुक्त माणसाला विचारा.

---

भुईमूग

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सुतारपक्षी

भारताबाहेर पण बघूया जरा. माळरान यांनी "नाही सांगत" म्हणायची मुभा असा शब्दप्रयोग केलाय त्यावरून इव्हान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानवशास्त्रज्ञ आठवला.

आजच्या दक्षिण सुदानमधले नुएर लोक. गुरं राखणारे, राजा नाही, दरबार नाही. १९२७-२८ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले, गुरं पळवली, न्गुनदेंग नावाच्या त्यांच्या द्रष्ट्याचा मोठा मातीचा मनोरा होता तो सुरुंगाने उडवायचा प्रयत्न केला, १९२९ मध्ये त्याच्या मुलाला, ग्वेकला, गोळ्या घातल्या. आणि लगेच १९३० मध्ये सुदान सरकारच्या सांगण्यावरून आणि पैशावर इव्हान्स-प्रिचर्ड तिथे अभ्यासाला हजर. लोक बोलायला तयार नाहीत. तो एकाला नाव विचारतो, तर तो म्हणतो तुला माझं नाव पाहिजे का? हो म्हटलं तर पुन्हा, म्हणजे माझं नाव पाहिजे तुला? कुळाचं नाव विचारलं तर, सांगितलं तर काय करशील त्याचं, तुझ्या देशात नेशील का? असा संवाद त्याने स्वतःच १९४० च्या पुस्तकाच्या सुरुवातीला दिलाय, विनोदी ढंगाने, या लोकांनी मला वेड लावायची पाळी आणली म्हणून. तिथेच तो हेही सांगतो की एका पहाटे सरकारी फौजेने छावणीला वेढा घातला, झडती घेतली, ओलीस नेले, आणि त्यानंतर तिथे त्याला राहणं अशक्य झालं.

मी तो भाग वाचला तेव्हा मला तो नुएर माणूस भयंकर हुशार वाटला. कालपर्यंत बॉम्ब टाकत होते, आज वही घेऊन आलेत. नाव का सांगावं?

गंमत म्हणजे त्याच पुस्तकातून विसाव्या शतकातल्या मानवशास्त्रातला एक फार मोठा विचार आला, की सरकार, राजा, पोलीस काही नसताना सुद्धा समाज व्यवस्थित चालतो, भांडणं मिटवतो, कसा ते कुळांच्या फांद्यांवरून समजतं. म्हणजे ज्ञान खोटं नाही. पण ते मिळालं कसं हा भाग प्रस्तावनेत टाकून पुढच्या अडीचशे पानांत जणू इंग्रज तिथे नव्हतेच असं लिहायचं, ही त्या पिढीची खोड. नुएरांचं वर्ष, गुरं, ऋतू सगळं आहे, फक्त विमान नाही.

---

उंटावरचा_शहाणा

सुतारपक्षी, छान लिहिलंय. पण आता दुसरी बाजू.

घानाच्या अशांती लोकांचं सोन्याचं आसन. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन कुमासीत जाऊन म्हणाला, आसन कुठंय, मला बसायला का दिलं नाही. त्या आसनावर त्यांचा राजासुद्धा बसत नाही, अख्ख्या अशांती लोकांचा आत्मा त्यात आहे अशी श्रद्धा. झालं, याआ असांतेवा नावाच्या राणीमातेच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. पुढे वीसेक वर्षांनी रस्त्याच्या कामात ते लपवलेलं आसन सापडलं, काहींनी त्याचे दागिने काढून विकले, लोक पुन्हा खवळले. तेव्हा रॅट्रे नावाचा सरकारी मानवशास्त्रज्ञ होता, त्याने आसन म्हणजे नेमकं काय हे सरकारला नीट समजावलं, सरकारने आसनावर हक्क सांगणार नाही असं जाहीर केलं, चोरांचा न्याय अशांती प्रमुखांनाच करू दिला. युद्ध टळलं. माणसं वाचली. हा उपयोग वाईट कसा?

आणि मानवशास्त्रज्ञ तलाल असद, ज्यांच्या १९७३ च्या संपादित ग्रंथापासून ही सगळी वसाहतवादाची चर्चा जोरात आली, ते स्वतःच नंतर म्हणाले की साम्राज्य टिकवण्यात मानवशास्त्रज्ञांचा वाटा बहुतेक वेळा किरकोळच होता. गव्हर्नर लोक यांचे रिपोर्ट वाचतही नसत. पन्नास पानं आत्याच्या मुलीशी लग्नावर, कोण वाचणार.

---

सुतारपक्षी

असदचं वाक्य अर्धंच घेतलंत राव. त्यांचा मुद्दा असा की साम्राज्याला मानवशास्त्राची गरज किरकोळ, पण मानवशास्त्राला साम्राज्याची गरज अजिबात किरकोळ नव्हती. ही तिरपी गोष्टच महत्त्वाची. आश्रित म्हणा हवं तर, शीर्षकातला दुसरा शब्द. घरमालकाचं आश्रितावाचून अडत नाही.

लंडनमध्ये मानवशास्त्र शिकवणाऱ्या मालिनोव्स्कीला हे नीट कळलं होतं. १९२९ मध्ये त्याने लेखच लिहिला की आम्ही प्रशासनाच्या कामाचे आहोत, आम्हाला पैसे द्या. लंडनची आफ्रिकेवरची संस्था १९२६ मध्ये निघाली होती, तिच्या प्रमुखपदी लुगार्ड, म्हणजे स्थानिक प्रमुखांकरवी राज्य चालवायचं ही पद्धत ज्याने आफ्रिकेत रुजवली तोच, आणि पैसा रॉकफेलरचा. त्या पैशावर एक अख्खी पिढी फील्डवर्कला गेली. पण मालिनोव्स्कीच्याच वर्गात जोमो केन्याटा बसला होता! त्याने १९३८ मध्ये आपल्याच गिकुयू लोकांवर पुस्तक काढलं, गुरूची प्रस्तावना घेऊन, आणि जमिनीची मालकी आमच्यात पूर्वापार कशी ठरलेली होती ते शास्त्रीय भाषेत मांडलं. गोरे सेटलर म्हणत होते रिकामी जमीन होती, हा म्हणतो हे बघा कुळाचे हक्क. पुढे केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

---

कुंदा

रॅट्रेचं उदाहरण मान्य आहे पण त्याच्या जोडीला १९२९ चं पूर्व नायजेरिया ठेवा. इग्बो लोकांत गावाचा एकच प्रमुख अशी पद्धत बहुतेक ठिकाणी नव्हतीच. पण प्रमुखांमार्फत राज्य करायचं ठरलंय ना, मग प्रमुख नाहीत तर तयार करा. सरकारी सनद देऊन कुणालाही प्रमुख केलं. ते माजले. त्यात बायकांची आणि गुराढोरांची मोजणी सुरू झाली तेव्हा बायकांनी ओळखलं की आता आपल्यावरही कर बसणार. हजारो बायका प्रमुखांच्या घरांवर आणि कोर्टांवर चालून गेल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या. आणि त्यानंतर सरकारला आठवलं की अरे या लोकांचा अभ्यास करायला हवा, धडाधड अहवाल मागवले.

म्हणजे क्रम कसा, आधी गोळीबार मग ग्रंथ. नुएरांचंही तेच.

---

टोळभैरव

मग आता काय करायचं म्हणता? सगळी गॅझेटियरं जाळायची? एन्थोव्हेन रद्दीत? इतकं साम्राज्यवादी ज्ञान वाईट तर आरक्षणाच्या याद्या कुठून आल्या, जमातीच्या दाखल्यासाठी कोर्टात कोणते खंड उघडतात, तेही सांगा.

---

माळरान

टोळभैरव, खवचटपणे का होईना पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. जाळायचं वगैरे कोणी म्हणत नाहीये. उलट त्याच आकड्यांचा आपल्याकडे काय उपयोग झाला ते सांगतो, मला हा भाग सगळ्यात आवडतो.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझरचं सेमिनार. हा गोल्डनवायझर फ्रांझ बोआसचा विद्यार्थी, आणि बोआस म्हणजे ज्याने स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून दाखवलं होतं की कवटीचा आकार एका पिढीत बदलतो, वंशाची म्हणून सांगितलेली खूण इतकी पक्की नसते. त्या वर्गात पंचवीस वर्षांचे आंबेडकर जातींच्या उगमावर निबंध वाचतात. रिस्ले, नेसफील्ड, सेनार आणि आपले केतकर या चौघांचीही व्याख्या तपासून बाजूला ठेवतात. आणि युरोपियन अभ्यासकांबद्दल म्हणतात की ते स्वतः रंगभेदात मुरलेले असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशी रंगच दिसला. जातीचं मर्म स्वजातीतल्या लग्नात आहे, नाकात नाही. १९१६ मध्ये! असद-बिसद यायला अजून अर्धं शतक होतं.

मग समाजशास्त्रज्ञ घुर्ये. मालवणचे, केंब्रिजला रिव्हर्सकडे शिकायला गेले, तो वारला म्हणून हॅडनकडे. त्यांनी १९३२ च्या पुस्तकात रिस्लेचेच आकडे घेऊन पुन्हा मांडणी केली आणि दाखवलं की नाक आणि दर्जा यांचा मेळ फार तर उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात बसतो, बंगाल, गुजरात, महाराष्ट्रात बसत नाही. आणि १९४८ मध्ये आंबेडकर अस्पृश्यांवरच्या पुस्तकात घुर्यांची ही मोजमापं वापरून म्हणतात, नाकावरून जायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग वंशभेदातून अस्पृश्यता आली हा सिद्धांत गेला. रिस्लेचं कॅलिपर रिस्लेच्याच अंगावर.

---

उंटावरचा_शहाणा

हे भारी आहे. पण मग घुर्ये एकदम सोवळे नकोत. वेरिअर एल्विन या इंग्रज अभ्यासकाने बैगा या मध्य भारतातल्या जमातीवरच्या १९३९ च्या पुस्तकात त्यांच्यासाठी राखीव मुलूख असावा, बाहेरच्यांचा शिरकाव रोखावा असं सुचवलं, त्यावर घुर्ये १९४३ मध्ये तुटून पडले की हे "आदिवासी" वगैरे काही नाही, मागासलेले हिंदू आहेत, मुख्य प्रवाहात विरघळू द्या. एल्विनवर माणसांचं झू करतोय असा आरोप झाला. पण सावकार आणि जंगलखातं दोन्हींनी पिळलेल्या बैगांना विरघळायचंय का, हे कोणी विचारलं? एल्विन निदान त्यांच्यात राहिला. इंग्रज गेला म्हणून विचारणाऱ्याच्या हातातला दंडुका गेला असं होत नाही.

---

कुंदा

हे मात्र शंभर टक्के. आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वेंचा विषय कोणी काढला नाही अजून.

बाई बर्लिनला गेल्या, १९३० मध्ये डॉक्टरेट, गाइड ऑयगेन फिशर. हा फिशर १९०८ मध्ये जर्मनांच्या नैऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात जाऊन रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेऊन आला होता, त्यावर १९१३ चं पुस्तक, आणि त्याचं नाव पुढे थेट नाझींच्या वंशशुद्धीच्या कार्यक्रमाशी जोडलेलं. १९०८ च्या आधीच्या चार वर्षांत त्याच भूमीवर हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार झाला. छावण्यांतल्या कैदी बायकांना मेलेल्यांची, म्हणजे कधी आपल्याच लोकांची, मुंडकी उकळून काचेच्या तुकड्यांनी खरवडायला लावलं आणि त्या कवट्या बर्लिनला "संशोधनासाठी" गेल्या. फील्डवर्क.

अशा माणसाच्या संस्थेत इरावतीबाईंना विषय काय मिळाला, तर कवटीचा डावा-उजवा असमतोल, त्याचा वंशाशी संबंध आहे का. बाईंनी मोजलं आणि लिहिलं की वंशाशी काही संबंध दिसत नाही. गाइडला नको असलेलं उत्तर, त्याच्याच संस्थेत बसून. पण परत आल्यावर डेक्कन कॉलेजात त्यांनी जातीजातींची मोजमापं घेणं सोडलं नाही, अनेक दशकं चालू ठेवलं. हे दोन्ही एकाच बाईंचं आहे आणि मला अजून त्याची नीट संगती लागलेली नाही. कुणाला लागली असेल तर सांगा.

---

भुईमूग

@कुंदा त्या कवट्यांचं पुढे काय झालं?

---

कुंदा

काही परत गेल्या. २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये जर्मनीने नामिबियाला सुपूर्द केल्या. नरसंहार होता हे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य केलं ते २०२१ मध्ये.

---

टोळभैरव

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. बोआसने १९१९ मध्ये जाहीर पत्र लिहिलं की काही मानवशास्त्रज्ञ संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करतात, तर अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने हेरांना सोडून बोआसचाच निषेध केला, २० विरुद्ध १० मतांनी. तो ठराव मागे घ्यायला २००५ उजाडलं. आणि लगेच २००७ मध्ये इराक-अफगाणिस्तानात अमेरिकन फौजेबरोबर समाजशास्त्रज्ञ पाठवायचा कार्यक्रम. संघटनेने या वेळी विरोध केला, पण तो चालला २०१४ पर्यंत. चला, म्हणजे मीही वाचतो अधूनमधून.

---

सुतारपक्षी

परतीवरून निघालंय तर नागांचं पण लिहितो. हटन आणि मिल्स हे नागा टेकड्यांतले प्रशासक, हटन तर १९३१ च्या जनगणनेचा आयुक्त आणि नंतर केंब्रिजला प्रोफेसर. यांच्यामार्फत आणि इतर अधिकाऱ्यांमार्फत ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये नागांच्या हजारो वस्तू गेल्या आणि मानवी अवशेषही. २०२० मध्ये म्युझियमने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि मग नागा लोकांनी ते परत मागायची प्रक्रिया सुरू केली, वडीलधाऱ्यांना गावोगावी भेटून, विचारून. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर इंग्लंडमध्ये एका लिलावात शिंगं जोडलेली नागा कवटी विक्रीला निघाली होती, ओरड झाल्यावर मागे घेतली.

---

उंटावरचा_शहाणा

पण कुठल्या गावाची ते कळणार कसं, तर हटन-मिल्सच्या चिठ्ठ्या आणि वह्यांवरूनच ना? नोंद नसती तर परत तरी कोणाला देणार.

---

माळरान

नोंद आहे तिथे गाव कळेल. पण गाव कळलं म्हणून विषय सुटत नाही. ती कवटी तिथल्याच पूर्वजाची, की त्या गावाने लढाईत दुसऱ्या गावाच्या माणसाची कापून आणलेली? नोंद ज्याच्याकडून घेतली त्याच्या गावाची, मेलेला कदाचित शेजारच्या. शिवाय आता बहुतेक नागा ख्रिश्चन, त्यामुळे जुने विधी करायचे की प्रार्थना करून दफन करायचं की म्युझियम बांधून ठेवायचं यावर त्यांच्यात त्यांचीच चर्चा चालू आहे. ती त्यांनी सावकाश करावी, ऑक्सफर्डने घाई करू नये असं माझं मत. कर्व्यांबद्दलचा कुंदा यांचा प्रश्न मात्र तसाच राहिलाय, त्यावर कुणी जाणकार लिहा.